तिघांच्या फोटोतलं चौथं वर्तुळ

मी वर्ध्याला शाळेत गणित शिकवते, हे आधीच सांगून टाकते. करणी, भानामती, बाहेरची बाधा असलं कोणी काढलं की मी सरळ "पुरावा दाखवा" म्हणते. सासरी त्यामुळे मला कोणी भुताच्या गोष्टी सांगत नाही! आता तुम्ही माझ्याकडे पुरावा मागाल... मागा. माझ्या मोबाईलमध्येच आहे. त्याचा अर्थ तेवढा विचारू नका.

गेल्या दिवाळीची सुट्टी, पुलगावचं माझं माहेर, भर दुपार. आईला पंच्याहत्तर पूर्ण होणार होती, म्हणून मी आणि धाकट्या भावानं, प्रशांतनं, तिला फोटोंचं पुस्तक छापून द्यायचं ठरवलं. कपाटातले जुने फोटो, चारशेच्या आसपास, मी मोबाईलवर स्कॅन केले. हल्लीचं अ‍ॅप स्वतःच चेहरे ओळखतं – प्रत्येकाभोवती वर्तुळ काढतं, एका माणसाचे फोटो एका जागी लावतं आणि "हे कोण?" असं विचारतं. आपण फक्त नाव द्यायचं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याच्यात हे आहेत का?"

"हे" म्हणजे आमचे बाबा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. कॅमेरा त्यांचा, आणि तो ते कोणाच्या हाती देतील तर शपथ! त्यामुळे घरात सगळ्यांचे फोटो, त्यांचाच नाही. लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला. उरला आधार कार्डावरचा, पण तो आई भिंतीवर लावू देत नाही. "चोर पकडल्यावानी दिसतेत त्यात," म्हणते.

"नाहीत गं," मी म्हटलं.

"मंग मले नोको तुमचं पुस्तक. हे नाई, अन् मी एकटीच मिरवू काय?" तिनं डोळ्याला पदर लावला. मला तर रडूच आलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. तिघांचा फोटो काढत नाहीत, अपशकुन मानतात. आणि बाबा कॅमेऱ्यामागे गेले की आम्ही उरायचो नेमके तिघं – आई, मी, प्रशांत. गिरडच्या टेकडीवर आई कशी ओरडली होती, मला अजून आठवतं. "अवो, तीनच जन होऊन राह्यले न! कोनाले तरी बोलवा!" बाबा कॅमेऱ्यामागून हसले. "काऊन घाबरतं? चवथा मी आहो न इकडं!" आणि खटॅक! दरवेळी हेच.

तर मी हिरमुसून अ‍ॅप चाळत बसले. आईचं वर्तुळ, माझं, प्रशांतचं, आत्याचं... आणि शेवटी एक वर्तुळ, ज्यात चेहराच नव्हता. नुसतं गिरडचं आभाळ. खाली प्रश्न – "हे कोण?"

उघडलं. तेवीस फोटो. सगळ्यांत आम्ही तिघं, आणि चौथं वर्तुळ रिकाम्या जागेवर. कधी भिंतीवर, कधी आभाळात, बहुतेकदा आईच्या खांद्याशेजारी.

"ताई, चुकतं गं अ‍ॅप," प्रशांत म्हणाला. "भिंतीच्या डागातही त्याला चेहरा दिसतो."

मलाही पटलं. पण गणिताची बाई ना मी! सगळे फोटो मोजले. दोघांच्या फोटोत दोन वर्तुळं, चौघांच्या फोटोत चार, तिघांच्या फोटोत मात्र चारच. फक्त एक फोटो सुटला. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी, त्यात बरोबर तीन. तो स्टुडिओत काढलेला होता, बाबांनी नव्हे. 

मोबाईल आईच्या हाती दिला. तिनं चष्मा लावून एकेक फोटो पाहिला, आणि चक्क खुदकन हसली. "सांगतलं होतं न यायनं, चवथा मी आहो म्हनून! तुमाले खोटं वाटे."

"नाव टाक मग, आई."

"बाप्पा! या वयात नाव घेऊ काय यायचं? लिही – पश्याचे बाबा."

पश्या म्हणजे आमचा प्रशांत. लिहिलं. पुस्तक छापलं, तेवीसच्या तेवीस फोटो टाकून.

पंच्याहत्तरीच्या दिवशी अंगणात आईला मधे घेऊन मी आणि प्रशांत बसलो. प्रशांतची बायको धावत आली, "आई, तीनच जण आहात, मी येते."

"नोको वं, राहू दे," आई म्हणाली. जन्मभर तिघांच्या फोटोला घाबरलेली बाई!

मोबाईल खुर्चीवर उभा करून टायमर लावला. म्हणजे कॅमेऱ्यामागे कोणीच नव्हतं. फोटो निघाला, अ‍ॅपनं वर्तुळं काढली. चार. चौथं आईच्या खांद्याशेजारी, आणि या वेळी त्यानं "हे कोण?" असं विचारलंच नाही. नाव आपोआप लागलं होतं – पश्याचे बाबा.

डाग म्हणावा तर मागे कोरं आभाळ. प्रशांतनं दोन-तीन जाणकारांना दाखवलं, त्यांनी डोकं खाजवलं. मलाही आजवर उत्तर सापडलेलं नाही. आईसमोर मी पुन्हा विषय काढला, तर तिनं मला उडवूनच लावलं. "तुह्यं गनित तुह्यापाशी ठेव. अन् तो फोटो मोठा करून आन – भिंतीवर लावाचा आहे."