शेवटची पाटी

परळला आमच्या चाळीमागे मोकळी जागा होती. गिरणीच्या सुटीला तिथे आट्यापाट्या रंगायच्या. मी संघाचा म्होरक्या. जमिनीवर आखलेल्या मधल्या उभ्या पाटीवर धावणारा सूर मीच, आणि सगळ्यांवर डाफरणाराही मीच. शेवटची आडवी पाटी माझा मालवणकडचा दोस्त राखायचा. गिरणीत मागावर होता, बोलणं मोजकं.

एकदा गिरगावच्या वाडीतले गडी खेळायला आले. भायखळ्यापर्यंत घोड्यांच्या ट्रामने आणि पुढे पायी, तरी रुबाब केवढा! त्यांचा एक गडी शेवटच्या पाटीपर्यंत पोचला. ती ओलांडून परत फिरला की आम्ही हरणार. दोस्ताने त्याला बरोबर अडवून धरला होता. पण मला कुठला धीर! धावत जाऊन दोस्ताच्याच आडवा आलो. टक्कर नको म्हणून तो पाऊलभर मागे सरला आणि गडी निसटला. आम्ही हरलो.

"पाटी सोडलीस कशी?" मी सगळ्यांदेखत ओरडलो. खरं काय ते आम्हा दोघांनाच ठाऊक. तो पायाची धूळ झटकून खोलीकडे निघून गेला. मला लाज वाटली, पण म्होरकेपण जाईल ही भीती जास्त होती. तेव्हा मी अस्सल भित्रा होतो.

पुढच्या दोन सुट्यांना तो फिरकलाच नाही. त्याच्याशिवाय पाटी राखली जाईना. शेवटी त्याच्या खोलीवर गेलो. त्याने आधी जेवायला बसवलं. जेवता जेवता मी म्हटलं की तू ये, तुला ताप होता असं मी सगळ्यांना सांगतो.

त्याने भात कालवला आणि तो शांतपणे म्हणाला, "मगे ताप अजून उतरूक नाय म्हणान सांग."

खोट्याच्या आधाराने तो येणार नव्हता, एवढं मला कळलं. पुढच्या सुटीला सगळ्यांना गोळा करून सांगून टाकलं की पाटी त्याने सोडली नव्हती, मी आडवा आलो होतो. एकाने विचारलं, मग ओरडलास कशाला? तरी म्होरकेपण कुणी काढून घेतलं नाही.

तो परत आला. पुढच्या सामन्यात पुन्हा एक गडी त्याच्यासमोर आला. माझे पाय शिवशिवले, पण मी जागचा हललो नाही. गडी त्याला हुलकावणी देऊन पार झाला. आम्ही पुन्हा हरलो.

मी काही बोलायच्या आत तोच सगळ्यांसमोर हात वर करून म्हणाला, "ह्यां मात्र माझां."