द्राक्षाची बी

फ्रान्समधल्या माझ्या विहीणबाई द्राक्ष नुसतं खात नाहीत, त्यातली बी चावून बघतात. मळा त्यांच्या घरचा, तांबडी वाइनही घरचीच. आज डोंगरावर काळा ढग चढलाय. गारा पडल्या तर वर्षाचं पीक मातीत जाईल. सगळं घर कात्र्या घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघत उभं आहे.

नातीला वाटतं, मी म्हणजे जन्मजात शहाणी आजी. तरुणपणीची मी इथे असते, तर एव्हाना निम्मा मळा खुडून झाला असता. ढगाचा कापूस दिसला तरी मी गच्चीवरचे पापड गोळा करायची. सासूबाई म्हणायच्या, "आमच्या सूनबाईंच्या पापडांना उन्हाची ओळखच नाही." वर्षभर आम्ही ते पापड चावत नव्हतो, ओढत होतो.

विहीणबाई बी थुंकून फ्रेंचमध्ये दोनच शब्द बोलल्या. लेकीनं मला ते उलगडून सांगितलं, "बी अजून हिरवी आहे, आई. आज खुडलं तर वाइन तुरट होईल. उद्या, म्हणतात."

ढग गडगडला. विहीणबाईंनी हात ॲप्रनच्या खिशात घातले, पण डोळे ढगावरच आहेत. मी त्यांना खेटून उभी आहे. माथ्यावर ढग असताना मी काहीच उचलत नाहीये, आयुष्यात पहिल्यांदा.