चढणाऱ्याला वाट

१९५९, नोव्हेंबर, शुक्रवारची सकाळ. जागा: आखाती मुलुखात, जहराच्या रस्त्यालगतचं आमचं ट्रकांचं यार्ड. हजर: मी, यार्डाचा कारकून, म्हणून सगळ्यांचा मुन्शी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ज्यांना मी भाई म्हणतो, आणि अलिबागकडचे म्हातारे मेकॅनिक, अख्ख्या यार्डाचे चाचा.

भाईंची ट्रायल मंगळवारी होती. परदेशी माणसाला इथे ट्रक चालवायचा तर कफीलची, म्हणजे मालकाची चिठ्ठी लागे, डोळ्यांची तपासणी लागे, गावच्या लायसन्सचं अरबी भाषांतर लागे. मूळ लायसन्स ट्रॅफिकच्या ऑफिसात जमा व्हायचं. मग रस्त्यावर ट्रायल. कागद मी पुरे केले होते. पण भाई एकदा नापास झाले होते. यार्डाच्या फाटकातून बाहेर पडताच गाडी सवयीने डावीकडे गेली; इथे मात्र उजव्या बाजूने चालवायचं. मालकाने मला बोलावून सांगितलं, आणखी एकदाच. ड्रायव्हर म्हणून आणलेला माणूस ड्रायव्हर होत नसेल तर त्याने परत जावं.

परत जाऊन करायचं काय, हा प्रश्न होता. रत्नागिरीतली नोकरी भाई सोडून आले होते. बहिणीच्या पदरी तीन मुली होत्या.

म्हणून त्या शुक्रवारी आम्ही रिकामी पिंपं मांडून वाकडा रस्ता तयार केला. वळण, चौक, दोन पिंपांमधून रिव्हर्स, सगळं उजव्या बाजूने. चाचा सावलीत बसून टोमणे मारत होते.

"ज्या हाताने घास खातोस ती तुझी बाजू. विसरलास तर उपाशी मरशील."

भाई हसले, पण उजव्या मनगटाला त्यांनी रुमाल बांधला. पुढचे दिवस ते पाणी आणायला जातानासुद्धा वाटेच्या उजव्या कडेने चालत. सोमवारपर्यंत एकही चूक राहिली नाही. यार्डाभोवतीची जमीन ताटासारखी सपाट. चढ-उतार कोणाच्या डोक्यातच आला नाही.

मंगळवारी परीक्षक अधिकारी मधे बसले, दुभाषा म्हणून मी दाराशी. भाईंनी चौक नीट घेतला, वळणं नीट घेतली. जहरा मागे पडल्यावर अधिकाऱ्यांनी हाताने पुढे चला म्हणून खुणावलं. तिथे वाळवंटातून एक लांब टेकाड आडवं येतं आणि बसऱ्याकडे जाणारा रस्ता ते चढून जातो. आम्ही वर गेलो, गाडी वळवली, उतरू लागलो. समोरून पाइपांनी भरलेला ट्रक कण्हत चढत होता.

भाईंचं ऐन तारुण्य आंबा घाटात गेलं. तिथला रिवाज असा, की चढणाऱ्या भरल्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची. भरली गाडी चढणीवर थांबली तर पुन्हा उचलत नाही. उतरणारा आधीच डावीकडे कडेला घेऊन उभा राहतो, चढणारा हॉर्न वाजवून निघून जातो. त्यात विचार नसतो, हातच ते करतात.

भाईंच्या हातांनी तेच केलं. गाडी डावीकडे कडेला नेऊन त्यांनी ब्रेक लावला. इथे डावीकडची बाजू चढणाऱ्याची होती.

त्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. मागचे पाइप साखळी तोडून सरकले आणि केबिनच्या पाठीतून आत घुसले. आम्हाला कोणालाही ओरखडा नाही. तो माणूस इराणी होता. दोन दिवसांनी इस्पितळात वारला.

अधिकाऱ्यांनी किल्ली काढून घेतली. भाई स्टिअरिंग धरून तसेच बसले होते. मनगटावर रुमाल होता.

"मी वाट दिली रे त्याला," ते मला म्हणाले.

हे वाक्य मी भाषांतर करून सांगितलं. अधिकाऱ्यांनी ऐकलं आणि लिहिलं नाही.

भाई काही महिने तुरुंगात राहिले. मग त्यांना बोटीवर चढवलं, पुन्हा यायचं नाही या अटीवर. धक्क्यावर शिपाई बाजूला असताना त्यांनी एकच काम सांगितलं. "माझं गावचं लायसन्स सोडवून पाठव. दुसरं काही येत नाही मला."

ट्रॅफिकच्या ऑफिसात मी किती खेपा घातल्या त्या सांगत बसत नाही. आधी ते म्हणाले, ज्याचं त्याने यावं. मग साहेब बदलले, आणि एका दुपारी ते लायसन्स मिळालं. फोटोत भाईंच्या डोक्याला तेल चोपडलेलं आहे.

त्याच सुमारास बहिणीने कोणाकडून तरी लिहून घेतलेलं पत्र आलं. भाई एसटीत पुढच्या सीटवर बसत नाहीत. घाट लागला की डोळे मिटून घेतात. दिवसभर दारात बसतात आणि लायसन्स आलं का एवढंच विचारतात. "तू पाठवू नकोस, आणि पाठवणार नाहीस असं त्यांना सांगूही नकोस. आलं तर ते पुन्हा गाडीवर बसतील, येणार नाही कळलं तर उठायचेच नाहीत," असं तिने लिहिलं होतं.

काय करावं ते चाचांना विचारलं तर त्यांनी पाना खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि कामाला लागले.

माझ्या टेबलाच्या खणात लायसन्स घातलेला लखोटा तयार आहे. पत्ता घातला आहे, तिकिटं लावली आहेत. लायसन्सची मुदत येत्या मार्चला संपते. पोस्टात टाकायचं राहिलं आहे.