बूचकाकांनी पळवलेला शब्द

बूचकाकांच्या कोटाच्या खिशात कायम बाटलीचं एक बूच असायचं. माणूस आयरिश, त्यातून नट, त्यातून एकटा; न्यूयॉर्कजवळच्या आयसेलिनमधल्या आमच्या मंडळींनी त्या बुचावरून काढायचा तो निष्कर्ष काढून ठेवला होता. प्रत्यक्षात ते दारूला शिवत नसत. चहा मात्र आमच्याहून कडक प्यायचे. बोलता बोलता हात खिशात जायचा आणि अंगठा बुचावरून फिरत राहायचा. नाव मुलांनी ठेवलं. आम्ही त्याचा अर्थ सांगितला तेव्हा म्हणाले, "नाटकांच्या जाहिरातींत माझं नाव याहून वाईट छापलेलं आहे."

हा माणूस मला आवडत होता की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. त्यांचा हेवा मात्र पहिल्या दिवसापासून वाटला.

मी नागपूरची. वडील दर वर्षी दीक्षाभूमीवर पुस्तिकांचा स्टॉल लावायचे. मी अक्षरं गिरवली ती चळवळीच्या पत्रकांवर. अन्यायाविरुद्ध नेमक्या शब्दांत, पुरेशा मोठ्याने बोललं की ऐकणारा हलतोच, यावर माझा विश्वास होता. इथे नोकरीला आल्यावर एप्रिलमधल्या जयंतीसाठी मी एक नाटुकलं लिहिलं. प्रसंग माझ्या आजोबांच्या शाळेतला. तहानलेला मुलगा, माठ, माठाला हात लावायची बंदी, आणि वरून कोणी ओतेल म्हणून धरलेली ओंजळ. शेवटी त्या मुलाच्या तोंडी दीड पानाचं भाषण. एरवी कार्यक्रमाला आमचीच माणसं असतात. त्या वर्षी मी हट्टाने परिसरातल्या सगळ्या मराठी लोकांना बोलावलं होतं. ते भाषण त्यांच्या कानांवर पडायला हवं होतं.

मुलाचं काम गजभिये काकूंच्या नातीकडे होतं. घरी ती संघमित्रा, शाळेत सॅमी. तालीम काकूंच्या गॅरेजमध्ये चालायची, आणि सॅमीला 'ण' येत नव्हता.

"पाणी," मी म्हणायचे.

"पानी."

"न नाही, ण. जीभ वर टाळूला लाव. पाणी."

"दॅट्स व्हॉट आय सेड, ताई."

शेजारच्या अंगणात टोमॅटोसाठी वाफे खणत बूचकाका हे ऐकत असायचे. एका शनिवारी ते हात पुसत आत आले. बोलले इंग्रजीतच, पण मला ते मराठीत आठवतं. "मला तुमची भाषा कळत नाही. पण या गॅरेजमध्ये कोणालाही तहान लागलेली नाही, एवढं कळतं."

त्या दिवसापासून तालीम त्यांची झाली. मी ओरडायचे आणि मुलं फोन बघायची. ते कुजबुजायचे आणि मुलं फोन खाली ठेवायची. प्रत्येक वाक्याला त्यांचा एकच प्रश्न असे, "हे तू कोणाला सांगतेस?" सॅमीने एकदा "लोकांना" असं उत्तर दिलं, माझ्याकडे बघून. काका म्हणाले, "लोक नावाचा माणूस मी आजवर पाहिला नाही. एकाला निवड." माझा सगळा जन्म लोकांना उद्देशून लिहिण्यात गेलेला. मी संहितेची पानं उगाच चाळत बसले.

काकू त्यांना झुणका-भाकरीचा डबा द्यायच्या. मला कधी दिला नव्हता. आई नागपूरहून व्हिडिओ कॉल करायची आणि पहिला प्रश्न असायचा, "तुये ते आयरिश काका जेवले काय?"

"मी जेवले की नाही ते विचार ना."

"तू तं जेवतच असशीन."

त्यांचं आयुष्य मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. आयर्लंडच्या पश्चिमेला शेतकऱ्याच्या घरी जन्म. डब्लिनला नाटक शिकायला गेले, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं की वर्ग हसायचा. शिक्षकाने दातांत बूच धरून बोलायला लावलं, गावाकडचे उच्चार पार जाईपर्यंत. उच्चार गेले, आणि मग राजांची कामं मिळाली. पुढे एका नाटकाबरोबर न्यूयॉर्कला आले, राहिले, सिनेमात शिरले. तिथे पोलीस, पाद्री आणि दारुडे एवढ्याच भूमिका. दिग्दर्शक म्हणे, "जरा आणखी आयरिश बोला." मग त्यांनी एक नवाच हेल बनवला. "सिनेमात मी ज्या गावचा आहे, ते गाव नकाशात नाही," असं ते म्हणायचे. आईच्या अंत्यविधीला घरी गेले, तेव्हा थोरल्या भावाने सांगितलं, "तू एखाद्या हॉटेलसारखा बोलतोस."

हे सगळं ते हसत सांगायचे. मला वाटायचं, एवढ्या कच्च्या मालावर मी दहा पत्रकं लिहिली असती.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात मी सॅमीला पुन्हा 'ण' वर धरलं. ती रडायच्या बेताला आली. काका स्टुलावर बसले होते. त्यांनी आधी स्वच्छ "पाणी" म्हणून दाखवलं. ते त्यांना ऐकून ऐकूनच येत होतं. मग मला विचारलं, "तुझे आजोबा हा शब्द कसा म्हणायचे?"

मी म्हणाले, "पानी."

"म्हणजे या मुलीसारखा?"

"हो."

"मग तू तिला कोणाचा उच्चार शिकवतेस?"

गुरुजींचा. माठाशेजारी उभं राहून "पानी नव्हे रे, पाणी" म्हणत आजोबांना हसणाऱ्या गुरुजींचा. माझ्याच नाटकात ते गुरुजी होते, त्यांना मी दोन वाक्यं दिली होती, आणि तरीही हे मला दिसलं नव्हतं.

मी भडकले. "काका, आमच्या न-ण वर लोक पिढ्यान् पिढ्या हसत आले आहेत. त्या हॉलमध्ये सगळ्या तऱ्हेचे लोक येणार आहेत. आमच्या पोरीला कोणी हसलेलं मला चालणार नाही."

"हसतील ना," ते म्हणाले. "तिथूनच तर तुझं नाटक सुरू होईल."

त्यांनी सॅमीला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. काय, ते मला सांगितलं नाही.

हॉल भरला होता. सॅमी ओंजळ धरून उभी राहिली. चेहरा वर, ओठ कोरडे. ती म्हणाली, "पानी."

मागून कोणीतरी हसलं. आणि तिसऱ्या रांगेतून एक मावशी, अगदी प्रेमाने, शुद्ध पुणेरी स्वरात म्हणाल्या, "पाणी म्हणायचं, बाळा. पाणी."

मी पडद्यामागे मुठी आवळल्या. सॅमी हलली नाही. तिने मान वळवून त्या मावशींकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं, की आता ही वाक्य विसरली असं मला वाटलं. मग ओंजळ त्यांच्या दिशेला धरून तिने पुन्हा म्हटलं, "पानी."

मावशींचा हात तोंडाशी गेला. पुढच्या रांगेत गजभिये काकूंनी पदर डोळ्यांना लावला. सॅमीने दीड पानाचं भाषण केलंच नाही. तशीच उभी राहिली, आणि पडदा पडला.

"माझं भाषण राहिलं," मी काकांना म्हणाले.

"ते ऐकलं त्यांनी," काका म्हणाले.

बाहेर सगळे त्यांच्याभोवती. त्या मावशीसुद्धा, डोळे पुसत. "काय बसवलंय तुम्ही, काका." मी लिहिलंय, असं सांगायला मी दोनदा तोंड उघडलं. पण खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी ऐकू गेला तो एकच शब्द, आणि तो मी लिहिलेला नव्हता. माझ्या आजोबांचा शब्द माझ्या देखत एका परक्या माणसाने उचलला आणि जिथल्या तिथे ठेवला. याचा हेवा नाही वाटणार तर कशाचा वाटेल?

त्या उन्हाळ्यात ते भावाकडे परत गेले, कायमचे. निघायच्या दिवशी मी म्हटलं, "काका, तुमच्या गावचं काहीतरी बोला. अगदी तिथल्यासारखं." त्यांनी तोंड उघडलं. ओठ एकदा हलले, दोनदा हलले. मग मान हलवली आणि म्हणाले, "पानी." न इतका अचूक, की अंगणात आजोबाच आल्यासारखं झालं. मी तो शब्द म्हणून बघितला, तर माझ्या तोंडी तो नक्कल वाटला. "तुझ्याही दातांत बूच आहे तर," ते हळूच म्हणाले.

बूच त्यांनी सॅमीला दिलं.

हिवाळ्यात काका वारल्याचं त्यांच्या भावाने काकूंना फोनवर कळवलं. सॅमी खूप रडली. पुढे कधीतरी मी तिला विचारलं, ते बूच कुठे आहे? खांदे उडवून म्हणाली, "आय लॉस्ट इट, ताई. बसमध्ये बहुतेक."

मला दिलं असतं तर मी जन्मभर जपलं असतं. म्हणूनच त्यांनी ते मला दिलं नाही.