कढीपत्त्याला पाजलेलं ताक

माझी नात अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. कळायचं सगळं. चपला आण म्हटलं की आणायची, त्याही दोन्ही डाव्या पायाच्या. पण तोंडाला कुलूप. डॉक्टरांनी कान तपासले, ते उत्तम निघाले. मग त्यांनी विचारलं, घरात भाषा किती? सून तमिळ बोलते, मुलगा फोनवर दिवसभर इंग्रजी झाडतो आणि मी आमच्या तंजावुरी गल्लीतली मराठी. डॉक्टर म्हणाले, काही महिने एकच ठेवून बघा.

घरी येताच मुलाने फर्मान काढलं. "अप्पा, आजपासून पोरीशी तमिळच. तुम्हीं मराठी बोलूं नका."

राग माझ्या नाकावर असतोच. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तमिळ मला येत नाही असं नाही. तीस वर्षं बँकेत तेच बोललो. पण लहान लेकराचे लाड करायला माझ्याकडे दुसरी भाषाच नाही. तिसऱ्या दिवशी मी नातीला तमिळमध्ये "बसा" म्हणालो, खातेदाराला म्हणावं तसं. ती बिचारी बसली.

पण फर्मानात एक फट होती. पोरीशी मराठी बोलायचं नाही, एवढंच ठरलं होतं. झाडांचं नाव कुणी काढलं नव्हतं.

रोज सकाळी मी तिला परसात नेऊ लागलो. केळीच्या बुंध्याशी गोगलगायी असायच्या. शेवग्याची फुलं गळून पडलेली असायची, ती वेचून ती माझ्या खिशात कोंबायची. चिखलात पाय बुडवून बोटं हलवत बसायची. आणि मी, तिच्याकडे पाठ करून, झाडांशी मनसोक्त मराठी बोलायचो. धुण्याच्या दगडाजवळ कढीपत्त्याचं रोप होतं, फार नखरेल. आमच्याकडे त्याला आंबट ताक पाण्यात घालून देतात. मी गडव्याने ते ओतायचो आणि म्हणायचो, "पी राजा, अस्की पी." अस्की म्हणजे सगळं. पुण्याहून आलेले पाहुणे या शब्दाला हसतात. हसू देत.

मजेत दिवस चालले होते. पण तीन महिने झाले तरी पोर गप्पच. सून रोज संध्याकाळी चित्रांचं पुस्तक घेऊन बसायची, एकेक चित्र दाखवायची, थांबायची, पुन्हा दाखवायची. एकदा स्वयंपाकघरात ती पदराने डोळे पुसताना दिसली. डॉक्टरांचं म्हणणं सगळे पाळत होते, मी सोडून. माझ्या हट्टापायी पोरीची वाचा अडली असली तर? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ठरवलं, झाडांशीही बोलणं बंद.

दुसऱ्या दिवशी परसात गेलो तो तोंड मिटून. केळीला पाणी घातलं, मोगऱ्याला घातलं. नात मागे मागे होती. कढीपत्त्याला ताक ओतलं आणि वळलो, तर ती हलेना. रोपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी विसरलोय, असा चेहरा. मग ती उकिडवी बसली, रोपाच्या शेंड्यावर चिखलाचा हात ठेवला आणि स्वच्छ म्हणाली,

"पी राजा. अस्की पी."

माझ्या हातातला गडवा पडला. त्या आवाजाने सून धावत आली, हाताला इडलीचं पीठ तसंच. पोरीने तिच्यासाठी पुन्हा म्हणून दाखवलं. सून पायरीवर बसली आणि हसत हसत रडू लागली. कोणत्या भाषेत बोलली, हे तिने विचारलंही नाही.

मुलगा तोंडात ब्रश धरून आला. मी सगळं कबूल करून टाकलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. आता त्याने कितीही ओरडावं, माझी तयारी होती.

त्याने चूळ भरली. मग माझ्याकडे न बघता नातीशेजारी उकिडवा बसला आणि कढीपत्त्याला विचारलं, "कां रे, आणिक ताक पाहिजे कां?" मराठीत. किती वर्षांनी ऐकत होतो मी त्याचा तो लाडाचा सूर!

नातीने गडवा उचलला, आत डोकावून पाहिलं आणि रिकामा गडवा माझ्यापुढे धरला.