तीन डबे आन् चार बोटं

त्या दिवशी शहापूरच्या हॉलात कोन कोन व्हतं ते आदी सांगते, मंजे मागून कोनी बोलायला नको का म्हातारीनं वाढवून सांगितलं. मच्छी खात्याचे मोठे साहेब व्हते, त्यांच्या बाजूला कागद घेनारा कारकून व्हता, भातसानगरच्या धरनात जाळी टाकनारा ठेकेदार व्हता, धरनाकाठच्या पाड्यावरची पंधरा-वीस मानसं व्हती, माझा पोरगा सुरेश व्हता, मी व्हते आन् माझी ईन व्हती. ईन मंजे सुरेशची सासू, त्याच पाड्यावरची. तिच्या खांद्यावर जुनं जाळं आन् मांडीवर तीन डबे व्हते. डब्यांत काय व्हतं ते पुढं येतंय.

माझ्या ईनीसारखी बाई शहापुरात नाय, मुरबाडात नाय, आन् माळशेज चढून पल्याड गेलात तरी गावायची नाय. सगळ्या जगाला तिच्याकडं एकच माप, उजव्या हाताची चार बोटं. भातात पानी चार बोटं हे समद्याच बाया करतात, पन ही बाई चहासुद्धा पेल्याला बाहेरून बोटं लावून घेते. येष्टीत बसली का बाजूच्या बाईला बोलनार, "चार बोटं सरक गो," आन् सरकली का मोजून बघनार. लग्नाचं बघायला आमच्या टोकावड्याच्या हायवेवरच्या घरी आली तवा पोहे खायच्या आदी उठली, सुरेशच्या कपाळाला बोटं लावली, आन् बोलली, "पुरतंय. पोरगी देते." सुरेश मॅट्रिक झालेला, ते कोनी इचारलंच नाय. जाळं विकत घेतानाही तसंच. चार बोटं जोडून जाळ्याच्या भोकातून आरपार गेली तर घ्यायचं, नाय तर दुकानदाराच्या अंगावर टाकायचं. "यातून माशाचं पोर सुटत नाय," बोलायची. आन् तरीबी कधी बारकं मासं टोपलीत आलंच तर त्याला पान्यात सोडताना सांगायची, "जा, खाऊनपिऊन ये." मी एकदा हसले तर माझ्यावरच उलटली, "हसताय काय ईनबाय, तुमी रस्त्यावरची मानसं, तुमाला ढाब्यावरचं मासं ताटात पडल्यावर वळखतं."

पन हीच बाई. माझा नवरा गेला तवा घरात भात व्हता, भातावर घालायला कायच नव्हतं. पोरं मीठ-भात खात व्हती, मी रडत नव्हते, रडून भाताला चव येत नाय. तवा ती माझी ईनबी नव्हती. मुरबाडच्या बाजारात एकदोनदा बाजू-बाजूला बसलो येवढीच वळख. कोनाकडून तरी तिला कळलं, तर दोन येष्ट्या बदलून आली, सुक्या मासळीचं गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं आन् पानी पिऊन निघून गेली. त्या मासळीवर आमी पावसाळा काढला. म्हनून तिच्या बोटांना मी हसते, पन दुसऱ्या कोनाला हसू देत नाय.

तर झालं असं का ठेकेदारानं धरनात मच्छरदानीसारखी जाळी टाकायला घेतली. कटले, रव असले मोठे मासे तो गाडीत घालून न्यायचा आन् बोटाएवढी पिल्लं काठावर फेकून द्यायचा, त्यांना गिऱ्हाईक नाय म्हनून. दोन सालांत पाड्याच्या टोपल्या रिकाम्या यायला लागल्या. ईनीचा पोरगा आन् सून वीटभट्टीवर जायाला निघाले, भांडी बांधून झाली. मंग भातसानगरला सरकारी कागद लागला. धरनात मासे कशानं पकडायचे, जाळ्याचा आस मंजे भोक केवढं ठेवायचं, त्याचे नवे नियम करायचेत, कोनाला काय सांगायचं असंल त्यानं अमक्या दिवशी शहापूरला या. सुरेशनं सासूला वाचून दाखवला. खाली लिहिलं व्हतं, जे द्यायचं ते पुराव्यासकट, तीन प्रतींत. "तीन कशाला?" तिनं इचारलं. "एक त्यांना, एक वरच्या हापिसात, एक आपल्याला," सुरेश बोलला. तिनं मान हालवली. आपल्या पोराला बोलली, "भांडी तशीच ऱ्हाऊदे, नियम येईस्तोवर जाऊ नका."

सुनावनीच्या दिवशी पहाटेच काठावर जाऊन तिनं ठेकेदारानं फेकलेली पिल्लं गोळा केली आन् तीन डब्यांत सारखी वाटून भरली. तिन्ही डब्यांना बाहेरून बोटं लावून बघितलं, एक जास्त एक कमी नको. खर्डीवरून शहापूरपर्यंत रिक्षावाला नाकाला रुमाल लावून. हॉलात शिरल्याबरोबर कारकून उठला.

"आजी, हे काय आनलंय?"

"पुरावा. तीन प्रती."

"अहो, कागदाच्या प्रती आणायच्या असतात!"

"कागद मी पकडत नाय, मासे पकडते. शिक्का मारा."

"डब्यावर?"

"तिन्ही डब्यांवर."

सुरेश माझ्या कानात बोलला, "आये, मी भायेर उभा ऱ्हातो." मी त्याचा शर्ट धरून ठेवला. साहेबांनी नाकावर हात ठेवून हसत मान हालवली आन् कारकुनानं झाकनांवर ठक ठक ठक शिक्के मारले. पाड्याची मानसं तवाच अर्धी जितली.

ठेकेदार आदी बोलला. बारीक आसाशिवाय धंदा परवडत नाय, जाळी चांगल्या कंपनीची हाय, सगळं बोलला आन् नमुन्याचं जाळं टेबलावर ठेवलं. मंग ईनीचं नाव पुकारलं. ती माईकपाशी गेली, माईक आन् तोंड यांच्यात चार बोटं धरली, मंग बोलली.

"साहेब, हात द्या."

साहेब गोंधळले, पन दिला. तिनं त्यांची चार बोटं जोडली आन् आपल्या जुन्या जाळ्यातून आरपार घातली. मंग ठेकेदाराचं जाळं उचललं. बोटं गेली नाय. एक बोट गेलं नाय. करंगळीचं नख तेवढं अडकलं.

"तुमची करंगळी जात नाय, तर पोर कुठून जाईल?" ती बोलली आन् डबा उघडला. "हे आमचं पुढल्या दोन सालांचं जेवन. आज वास मारतंय."

ठेकेदार उठला. "आजी, बारकी पिल्लं तशीबी मरतातच."

ईन वळली. "तुमी बारके व्हते तवा तुमाला कोनी जाळ्यात गाळलं नाय, म्हनून आज खुर्चीत बसलात ना?"

हॉल असा हसला का पंख्याचा आवाज ऐकू येईना. साहेबांनी कारकुनाला सांगितलं, "हे सगळं आजी बोलल्या तसंच लिहा." एक डबा साहेबांनी ठेवला, एक वर पाठवायचा म्हनून कारकुनाच्या टेबलाखाली गेला, आन् तिसरा, आपली प्रत, आमी रिक्षातून परत आनली. रिक्षावाला मात्र दुसरा शोधावा लागला.

नियम आला तवा सुरेशनं वाचला आन् शाळेची पट्टी घेऊन सासूकडं गेला. नियमातला आस तिच्या चार बोटांवर बरोब्बर बसला. पाड्यावर ढोल वाजला. ठेकेदाराची जाळी काठावर गुंडाळून पडली. ईनीच्या सुनेनं बांधलेली भांडी सोडली, चुलीवर ठेवली.

आता टोपल्या भरून येतात, पन ईन पान्यात उतरत नाय. वातानं बोटं वाकडी झालीत, चार बोटं जोडली तरी मधून उजेड दिसतो. गेल्या महिन्यात मी तिच्याकडं गेले तवा तिचा पोरगा नवं जाळं घेऊन आला. तिनं हात पुढं केला, बोटांकडं बघितलं आन् हात पदराखाली घेतला. मंग माझा हात ओढला.

"ईनबाय, तुमची लावा. रस्त्यावरची असलीत तरी सरळ हायत."

मी लावली. आरपार गेली. तिनं माझा हात चहा येईपर्यंत सोडला नाय.

तुमी जे कोन हे वाचताय, तुमाला येवढंच सांगनं हाय. बाजारात कटला घ्या, रव घ्या, पन पाटीत त्याचं पिल्लू दिसलं तर पोटाला चार बोटं लावून बघा. कमी भरलं तर घेऊ नका.