वीज समितीचा अध्यक्ष लिफ्टमध्ये

गेल्या वर्षी दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीची वीज स्वतंत्र झाली आणि माझी परवानगी घेऊन येऊ लागली.

त्याआधी मेन स्विच पडला की चौकीदार जाऊन तो वर करायचा आणि दिवे लागायचे. इतकं सोपं काम सरकारी माणसाला बघवतं का? (मी मंत्रालयातून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालो.) सभेत मी गरजलो, "बिजली पर लोकल कंट्रोल होना चाहिए!" टाळ्या पडल्या, वीज समिती झाली, अध्यक्ष अर्थात मी! पहिलाच नियम केला: मीटर रूमला कुलूप, किल्ली अध्यक्षांकडे, आणि स्विचला हात लावायचा तो अध्यक्षांसमक्षच.

"अहो, आणि तुम्ही जागेवर नसलात तर?" बायकोने, शोभाने, विचारलं.

"तर वीज थांबेल!"

पुढच्याच रविवारी आमच्या मुक्ताला बघायला पुण्याहून मुलाचे आईवडील आले. मी त्यांना घ्यायला खाली गेलो. लिफ्टमध्ये शिरताच छाती फुगवून म्हणालो, "आमच्याकडे विजेचं स्वराज्य आहे बरं का!"

लिफ्ट थांबली. अंधार गुडुप! (वर शोभाने पाहुण्यांसाठी दोन्ही एसी, गीझर आणि ओव्हन एकदम लावले होते. जनरेटरची किल्लीही माझ्याच जुडग्यात!)

बाहेरून समितीचे सेक्रेटरी चड्ढाजी ओरडले, "सर, चाबी किधर है?"

"मेरी जेब में!"

दाराच्या फटीतून मी जुडगा सरकवला.

"मिल गई! लेकिन सर, आपके सामने खोलना है. आप तो अंदर हो."

"अरे यार, मैं परमिशन दे रहा हूँ!"

"लिखित में, सर?"

माझाच नियम, माझाच चेला! होणाऱ्या विहीणबाई पदराने वारा घेत होत्या. पोरीचं लग्न याच लिफ्टमध्ये मोडणार!

तेवढ्यात जिन्यावरून शोभाचा आवाज आला, "चड्ढाजी, चाबी इधर दो!"

दिवे लागले, लिफ्ट हलली. व्याहीबुवांनी घाम पुसत विचारलं, "परवानगी घेतली का हो त्यांनी?"

लग्न ठरलं. हुंडा नाही, मानपान नाही. मुलाकडच्यांची अट एकच: कार्यालयात वधूपित्याने दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही.